रहस्यपटातला धोका कोणाचा?

व्याख्यानमालेत चित्रपटावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना नटनट्या आठवतात, आणि कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला की मागण्यांचे पत्रक आठवते. आजचा विषय या दोहोंच्या मधला आहे. पुरुषाला पुरुषाविषयी वाटणारी देहाची आणि मनाची ओढ, आणि त्या ओढीभोवती रचलेले रहस्यपट, हा तो विषय. तो नाजूक आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु नाजूक विषय बंद दाराआड ठेवला म्हणून तो नाहीसा होत नाही. त्या दाराची किल्ली मात्र भलत्याच माणसाच्या हाती जाते. ती कोणाच्या हाती जाते आणि तो तिचे काय करतो, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम रहस्यपट चालतो कसा, ते पाहू. नुसता खून झाला आणि पोलीस आले, एवढ्याने रहस्यपट होत नाही. कोणी तरी काही तरी दडवले आहे आणि ते आता उघडे पडेल काय, या धास्तीवर तो चालतो. गुपित हे त्याचे इंधन. शृंगारिक रहस्यपटात या गुपिताला देहाच्या ओढीची जोड मिळते. ज्याच्याकडे जाऊ नये असे बुद्धी बजावते, त्याच्याचकडे पाय वळतात. स्त्री-पुरुषांची कथा असेल तर लेखकाला हे गुपित खटपट करून निर्माण करावे लागते. विम्याचे पैसे, मृत्युपत्र, लग्नाबाहेरचा संबंध, असे काही तरी आणावे लागते. दोन पुरुषांची कथा असेल तर ते त्याला आयते मिळते, कारण कायद्याने आणि समाजाने ते आधीच तयार करून ठेवलेले असते. म्हणून असा चित्रपट पाहताना सुज्ञ प्रेक्षकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : यातला धोका त्या ओढीत आहे, की तिच्याभोवतीच्या गुपितात आहे?

हा प्रश्न पडद्यावर सर्वांत स्वच्छपणे मांडला तो १९६१ सालच्या ‘व्हिक्टिम’ या इंग्रजी चित्रपटाने. बेसिल डिअर्डन हे त्याचे दिग्दर्शक आणि डर्क बोगार्ड हे त्यातले प्रमुख नट. बोगार्ड त्या काळी तरुणींचे लाडके नट होते. त्यांनी ही भूमिका पत्करणे ही साधी गोष्ट नव्हती. कथा एका नामांकित बॅरिस्टराची आहे. परंतु माझे लक्ष वेधून घेतो तो बॅरिस्टर नव्हे, तर बॅरेट नावाचा तरुण. तो इमारतीच्या बांधकामावर मजुरांच्या पगाराचा हिशेब ठेवणारा कारकून आहे. त्याचे आणि बॅरिस्टराचे मोटारीत बसलेले एक छायाचित्र काही बदमाशांच्या हाती लागते. त्या बळावर ते त्याच्याकडून पैसे उकळू लागतात. कारकुनाचा पगार तो किती! शेवटी बॅरेट मालकाच्या तिजोरीतून पैसे उचलतो, पकडला जातो, आणि बॅरिस्टराचे नाव तोंडातून निघू नये म्हणून पोलीस कोठडीत गळफास घेतो. पुढे बॅरिस्टर आपला मानमरातब आणि संसार पणाला लावून त्या बदमाशांचा माग काढतो.

या कथेत कोणाचा जीव कशाने गेला, याचा हिशेब मांडून पाहा. बॅरेटला त्या ओढीने मारले नाही. बॅरिस्टरानेही मारले नाही. ज्यांनी त्याला मारले त्यांच्या हाती पिस्तूल नव्हते. एक छायाचित्र होते आणि त्यामागे सरकारचा कायदा उभा होता. इंग्लंडात १८८५ साली पुरुषांमधील अशा संबंधांविरुद्ध एक कलम झाले. तेथील वकील मंडळी त्याला पैसे उकळणाऱ्यांची सनद म्हणत असत, इतका त्याचा तो उपयोग उघड होता. चित्रपटातला पोलीस अधिकारीच सांगतो की, पैसे उकळण्याच्या दहा प्रकरणांतील नवांचे मूळ येथे असते. १९५७ साली वुल्फेंडन समितीने हे कलम सैल करावे अशी शिफारस केली होती. पण सरकार ते लांबणीवर टाकीत होते. त्या वेळी हा चित्रपट आला. पुढे १९६७ साली इंग्लंड व वेल्सपुरता कायदा बदलला आणि एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खाजगी, संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले गेले. एका चित्रपटाने कायदा बदलला असे मी म्हणणार नाही. परंतु प्रेक्षकाचे बोट त्याने योग्य जागी ठेवले.

आता हाच हिशेब आपल्या देशाचा मांडू. भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम आपणां सर्वांना ऐकून माहीत आहे. ते १८६० साली लिहिले गेले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. परंतु त्याच दंडविधानातली ३८८ आणि ३८९ ही कलमे फारशी कोणी वाचलेली नसतात. ही कलमे गुन्ह्याचा आळ घेण्याची भीती घालून खंडणी उकळण्याविषयी आहेत. त्यांत सर्वसाधारण शिक्षा दहा वर्षांपर्यंत सांगितली आहे. आणि पुढे स्वतंत्रपणे म्हटले आहे की, ज्या गुन्ह्याचा आळ घालण्याची धमकी दिली तो जर ३७७ व्या कलमाखालचा असेल, तर खंडणीखोराला जन्मठेपही देता येईल.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कायदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक होते की आपण एका हाताने जे कलम लिहितो आहोत, त्याचा दुसरीकडे खंडणीसाठी उपयोग होणार. म्हणून त्यांनी विषही ठेवले आणि शेजारी उतारा म्हणून दुसरे कलमही ठेवले. पण तो उतारा घ्यायचा कोणी? ज्याच्याकडून खंडणी घेतली, त्याने पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगायचे? तक्रार लिहून देताना तो स्वतःच्याच गुन्ह्याचा कबुलीजबाब लिहून देणार! कामगार कायद्यात अशी कलमे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. हक्क कागदावर असतो, पण तो मागायला जाणाराच आधी पकडला जातो.

यावर कोणी म्हणेल की, सगळे रहस्यपट ‘व्हिक्टिम’सारखे सद्‌हेतूने काढलेले नसतात. ते खरे आहे. १९८० साली ‘क्रूझिंग’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शक, अल पचिनो नायक. न्यूयॉर्क शहरात समलिंगी पुरुषांचे खून पडत आहेत आणि खुनी शोधण्यासाठी एक तरुण पोलीस वेष पालटून त्यांच्या मद्यगृहांत वावरू लागतो, अशी ती कथा. १९७९ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण चालू असताना त्या वस्तीतल्या लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. शिट्ट्या वाजवून आवाज बिघडवला, गच्च्यांवरून आरशांचे कवडसे टाकून प्रकाश बिघडवला. त्यांचे म्हणणे असे की, आमच्या जगाविषयी लोकांना आधीच काही माहिती नाही. त्यात पडद्यावर दिसणार ते फक्त सुरे आणि प्रेते. उद्या कोणी आम्हांला मारले तर लोक म्हणतील, यांचे असेच असते.

मला हे गाऱ्हाणे चटकन समजते, आणि त्याचे कारण आपल्याच चित्रपटांत आहे. हिंदी चित्रपटातला युनियनचा पुढारी आठवा. बहुधा तो एक तर मालकाला विकला गेलेला असतो, नाही तर दगडफेक करवणारा गुंड असतो. असे पुढारी नाहीत असे मी म्हणत नाही. मी ते जवळून पाहिले आहेत. पण ज्याने आयुष्यात कधी युनियनची कचेरी पाहिली नाही, तो प्रेक्षक त्या एका पात्रावरून सगळ्या चळवळीचे माप घेतो. स्त्री-पुरुषांच्या प्रेमावर हजारो चित्रपट आहेत, म्हणून त्यांतल्या एकात बायकोने नवऱ्याला विष घातले तरी कोणी लग्नसंस्थेला घाबरत नाही. ज्यांच्यावर मोजकेच चित्रपट निघतात, त्यांना प्रत्येक चित्रपटाचे ओझे वाहावे लागते. म्हणून उत्तर चित्रपट बंद पाडणे हे नव्हे. अधिक चित्रपट, वेगवेगळ्या तऱ्हेचे चित्रपट, हे त्याचे उत्तर आहे.

आणि प्रामाणिकपणाने हेही सांगितले पाहिजे की, ओढ स्वतःही कधी कधी माणसाला खड्ड्यात नेते. २०१३ सालचा ‘स्ट्रेंजर बाय द लेक’ हा अलँ गिरोदी यांचा फ्रेंच चित्रपट याचे उदाहरण आहे. कान महोत्सवाच्या ‘अं सर्तँ रगार’ या विभागात त्याला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. एका तळ्याच्या काठी पुरुष पुरुषांना भेटायला येतात. फ्रांक नावाचा तरुण एका संध्याकाळी झाडीतून पाहतो की, मिशेल नावाच्या देखण्या माणसाने आपल्या सोबत्याला पाण्यात बुडवून मारले. हे डोळ्यांनी पाहूनही तो त्याच मिशेलच्या प्रेमात पडतो आणि पोलिसांपाशी तोंड उघडीत नाही. येथे कायद्याची भीती नाही. फ्रान्समध्ये असे संबंध कधीच गुन्ह्याबाहेर गेलेले आहेत. येथे धोका खरोखरच ओढीत आहे.

पण त्याही चित्रपटात एक गोष्ट दिग्दर्शकाने हळूच ठेवली आहे. मेलेल्या माणसाचा टॉवेल काठावर तसाच पडून राहतो, त्याची मोटार झाडाखाली तशीच उभी राहते, आणि रोज तेथे येणाऱ्यांपैकी कोणीही विचारीत नाही की तो कोठे गेला. तपासाला आलेला पोलीस अधिकारी याच गोष्टीने चकित होतो. कारण तेथे कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. खुनी माणसाला सर्वांत जास्त उपयोगी पडले ते हेच. ज्याची गैरहजेरी कोणी मांडत नाही, त्याला मारणे सोपे असते. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही अशा ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला म्हणजे काय होते, हे ज्याने औद्योगिक वसाहतीत पाहिले आहे, त्याला या टॉवेलाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपल्या देशातल्या पडद्याकडे वळू. पुरुषांमधील ओढीची कथा सांगणारा हिंदीतील अगदी आरंभीचा चित्रपट म्हणून ‘बदनाम बस्ती’चे नाव घेतात. प्रेम कपूर यांनी तो १९७१ साली काढला. कथा कमलेश्वर यांच्या कादंबरीची. त्यातला सरनामसिंग हा पूर्वीचा डाकू, आता गाडीचालक. त्याच्या आयुष्यात एक स्त्री आहे आणि शिवराज नावाचा तरुणही आहे, ज्याला तो आपल्या गाडीवर कामाला ठेवतो. मला विशेष वाटते ते हे की, ही माणसे बंगल्यातली नाहीत. ती रस्त्यावरची, चालक-क्लीनरच्या जातकुळीची माणसे आहेत. हा चित्रपट पुढे कित्येक वर्षे बेपत्ता होता. २०१९ साली त्याची प्रत थेट बर्लिनच्या एका चित्रपट-संग्रहालयात सापडली. कामगारांच्या जीवनातला हा भाग आपण किती जपून ठेवला होता, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण काल्पनिक नाही. ते घडलेले आहे आणि ते एका मराठी माणसाचे आहे. प्राध्यापक रामचंद्र सिरस हे अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत असत. ते कवीही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरली. घरात त्यांच्यासोबत एक सायकलरिक्षा चालवणारा पुरुष होता. त्या चित्रणावरून विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल अस्तित्वात होता, ज्याने प्रौढांचे संमतीचे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरात सिरस राहत्या खोलीत मृतावस्थेत आढळले. २०१६ साली हंसल मेहता यांनी यावर ‘अलीगढ’ हा चित्रपट काढला. मनोज बाजपेयी यांनी त्यात सिरस यांची भूमिका केली.

या प्रकरणात रहस्यपटाचे सगळे साहित्य आहे : रात्र, कॅमेरा, फोडलेले दार, संशयास्पद मरण. पण धोका कोठून आला? दारातून आला. आत जे होते ते कोणाचेही नुकसान करीत नव्हते. आणि एक प्रश्न मी माझ्या धंद्याच्या सवयीने विचारतो. प्राध्यापकांसाठी देशभर लेख लिहिले गेले, ते योग्यच झाले. पण त्या रिक्षावाल्याचे काय? त्याला निलंबित करायला त्याच्यापाशी नोकरी नव्हती, आणि म्हणून त्याला कामावर परत घ्या असे म्हणायला न्यायालयही नव्हते. गुपिताची किंमत दोघांनी दिली. पावती एकाच्याच नावाने फाटली.

मराठीत याविषयी लिहिले-दाखवले गेले नाही, असे मात्र नाही. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. पुण्याच्या एका घरात भाड्याने राहायला आलेल्या तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो, अशी तिची कथा आहे. २०२२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. अमोल पालेकर यांचा ‘थांग’ २००६ सालचा. आणि अगदी अलीकडे रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेरडेगुरे सांभाळणारा त्याचा बालमित्र बाळ्या, यांची ती गोष्ट. त्यात ना खून आहे, ना पोलीस. दोन गडी माणसे माळावर बसून बोलतात; नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात; आई समजून घेते. गुपिताला घरातल्या एका माणसाने जागा दिली, की रहस्यपटाचे इंधन कसे संपते, हे या चित्रपटावरून कळते.

हे सगळे पालघर-बोईसरच्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या चाळींत आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांसाठी देशभरातून माणसे आली. बोईसर, सरावली, सालवड, पास्थळ, कुंभवली येथे खोल्या उठल्या. एकेका खोलीत सहा-आठ पुरुष. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच चटईवर पाठ टेकणार. बायका-मुले गावी. घामाच्या, एकटेपणाच्या आणि सोबतीच्या अशा जगात माणसामाणसांत जिव्हाळा उत्पन्न होतो. बहुतेक वेळा तो निखळ मैत्रीचा असतो. दोन गडी हातात हात घालून बाजारातून गेले तर आपल्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, ही आपल्या समाजाची चांगली रीत आहे. पण काही वेळा तो जिव्हाळा मैत्रीच्या पुढचा असतो, आणि मग त्याला नाव नसते, जागा नसते, बोलायला माणूस नसतो. उरतो तो हातातला मोबाइल.

आणि त्या मोबाइलमध्ये आज ‘व्हिक्टिम’मधले ते छायाचित्र आहे. ओळख करून देणारी ॲप्स निघाली आहेत. त्यांवर गोड बोलून भेटायला बोलवायचे, भेटीत चोरून चित्रण करायचे, आणि मग घरी पाठवतो, कारखान्यात दाखवतो, असे सांगून पैसे काढायचे, असा धंदा शहरोशहरी चालतो आणि त्याच्या बातम्या आपण वाचतो. ज्याच्याकडून पैसे जातात तो बहुधा तक्रार करीत नाही. महिन्याच्या पगारातून तो हप्ता भरतो, कर्ज काढतो, आणि शेवटी खोली सोडून जातो.

आमच्या कचेरीत काही वर्षांपूर्वी असाच एक कामगार आला होता. कारखान्याचे आणि गावाचे नाव मी सांगणार नाही. आठ वर्षांची त्याची नोकरी. कामावरून कमी केले आणि ग्रॅच्युइटी दिली नाही. दावा भक्कम होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी तो आला आणि म्हणाला, “दादा, मला दावा काढून घ्यायचा आहे.” पुष्कळ विचारल्यावर कळले की, सुपरवायझरने त्याच्या मोबाइलमधले एक छायाचित्र पाहिले होते, आणि सुनावणीला उभा राहिलास तर ते तुझ्या सासऱ्याच्या हाती पडेल असे सांगितले होते. आठ वर्षांच्या घामाचा पैसा त्याने तेथेच सोडला आणि गाडीत बसून निघून गेला. ते छायाचित्र कोणाचे होते हे मी विचारले नाही; विचारण्याची गरजही नव्हती. मालकाच्या बाजूला त्या दिवशी वकील लागला नाही, एवढे खरे.

म्हणून मी म्हणतो की हा कामगारांचा प्रश्न आहे. संघटना म्हणजे काय? एकट्याला जे मागता येत नाही ते चौघांनी मिळून मागणे. पण ज्याला काही लपवावे लागते तो चौघांत उभा राहत नाही. तो सहीला पुढे येत नाही, साक्षीला येत नाही, जादा पाळीला नाही म्हणत नाही. त्याच्या गुपिताची किल्ली ज्याच्या हाती, त्याचा तो वेठबिगार होतो. आपल्या जिल्ह्याला वेठ म्हणजे काय हे सांगायला नको. १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागातले वारली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने उभे राहिले, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट टाकून दिली ती भय. जमीनदाराची काठी त्यानंतरही तेवढीच लांब होती; पण तिला घाबरणारा माणूस एकटा राहिला नव्हता.

आता कायदा आज कोठे आहे, ते सांगून पुरे करतो. २००९ चा दिल्लीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला. नंतर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर यांच्या प्रकरणात एकमताने निर्णय दिला की, प्रौढांचे संमतीचे खाजगी संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात ३७७ वे कलम उरलेच नाही. अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार दिला. म्हणजे आज स्थिती अशी की, हे संबंध विवाह नाहीत. पण गुन्हाही नाहीत.

येथे एक उणीवही राहिली आहे आणि ती कामगारांना बाधणारी आहे. जुने ३७७ वे कलम वाईट होते, पण प्रौढ पुरुषावर दुसऱ्या पुरुषाने जबरदस्ती केली तर तेच एक कलम लागत असे. नव्या संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीवरील अत्याचारापुरतीच आहे. अठरा वर्षांखालील मुलग्याला २०१२ चा बालसंरक्षणाचा कायदा आहे; पण वीस वर्षांच्या मजुरावर मुकादमाने हात टाकला तर मारहाण, धमकी अशा फुटकळ कलमांवर भागवावे लागते. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही स्त्रियांपुरताच आहे. संमतीची ओढ आणि जबरदस्ती या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कायद्याने दोहोंना एकाच दावणीला बांधले. नव्याने दोहोंचीही दावण सोडली. ही दुरुस्ती मागणे हे कामगार संघटनांचे काम आहे, आणि ती मागताना लाजण्याचे कारण नाही.

खंडणीविषयी मात्र आता मार्ग पूर्वीपेक्षा मोकळा आहे. खंडणीला न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संमतीवाचून कोणाच्या खाजगी अंगाचे चित्रण करणे किंवा पसरवणे याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवता येते. धमकीचे संदेश पुसू नयेत. तेच पुरावा असतात. पहिला हप्ता देऊ नये, कारण तो शेवटचा कधीच नसतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, तक्रार लिहून देणारा आज स्वतःच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब लिहून देत नाही. बॅरेटला हा मार्ग नव्हता. आपल्या खोल्यांतल्या तरुणाला तो आहे, पण तो त्याला माहीत नाही. आणि तो कोणाला विचारील असा माणूसही त्याला दिसत नाही.

तो माणूस आपल्यापैकी कोणालाही होता येईल. खोलीतला सोबती, पाळीतला जोडीदार, युनियनचा कार्यकर्ता, घरातली आई किंवा बहीण. असा कोणी घाबरलेला आपल्याकडे आला, तर ‘हे खरे आहे काय?’ असा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. तो प्रश्न खंडणीखोराने आधीच विचारलेला असतो. किती पैसे मागतो, कधीपासून मागतो, धमकी तोंडी दिली की लेखी, एवढे विचारा आणि त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत जा. बाकीचे त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.